किलोमीटर कोणी मोजायचे? औषध प्रतिनिधींच्या प्रवासभत्त्याचा इतिहास

१/
१८४४ च्या आरंभी फिरोजपूर येथे बंगाल सैन्याच्या ३४ व्या पलटणीने सिंधकडे कूच करण्यास नकार दिला. कारण ना धर्माचे होते, ना काडतुसाचे. आदल्या वर्षी चार्ल्स नेपियरने सिंध जिंकला होता. सिंध परमुलूख होता तोवर तेथील चाकरीसाठी शिपायांना जादा भत्ता मिळे. तो कंपनीच्या राज्यात सामील झाला आणि 'परमुलूख' उरला नाही. भत्ताही उरला नाही.

२/
वाट तीच होती, सिंधू तीच होती, ऊनही तेच होते. बदलली होती ती कागदावरची सीमा. नकाराची शिक्षा म्हणून ती पलटण बरखास्त झाली. त्याच्या वीस वर्षे आधी, नोव्हेंबर १८२४ मध्ये, बराकपूरला ४७ व्या पलटणीच्या असंतोषामागेही असाच एक हिशेब होता. ब्रह्मदेशाच्या मोहिमेवर निघताना सामान वाहणारे बैल शिपायांनी स्वतःच्या पैशाने मिळवावेत, अशी अपेक्षा होती. उत्तर तोफांनी दिले गेले.

३/
आजचा धागा मात्र सैन्याविषयी नाही. तो दवाखान्याच्या बाकावर रुग्णांच्या रांगेत बॅग घेऊन बसलेल्या माणसाविषयी आहे: औषध कंपनीचा वैद्यकीय प्रतिनिधी, आपल्या बोलीत 'एमआर'. त्याच्या प्रवासभत्त्याचा इतिहास वाचताना सिंधचे ते दोन प्रश्न पुन्हापुन्हा भेटतात. कोणते गाव 'बाहेरचे' हे कोणी ठरवायचे? आणि अंतर कोणी मोजायचे?

४/
आधी हा पेशा कसा उभा राहिला ते पाहू. चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधाचे पैसे रुग्ण देतो, पण निवड डॉक्टर करतो. म्हणून कंपनीला दुकानापेक्षा डॉक्टरच्या दारात माणूस पाठवावा लागतो. मुंबईत १९२४ साली 'एच. जे. फॉस्टर' या नावाने पुढची ग्लॅक्सो इंडिया नोंदली गेली. १९३५ मध्ये ख्वाजा अब्दुल हमीद यांनी सिप्ला स्थापन केली. १९७० च्या पेटंट कायद्याचा अंमल १९७२ मध्ये सुरू झाला आणि औषधांवरील उत्पादन-पेटंट संपले. एकच औषध अनेक कंपन्या निरनिराळ्या नावांनी विकू लागल्या. तेव्हा डॉक्टरच्या लक्षात आपलेच नाव राहावे, यासाठी फिरणाऱ्या माणसांची गरज वाढली.

५/
या फिरण्याची स्वतंत्र परिभाषा आहे. नेमणुकीचे गाव ते 'हेडक्वार्टर'. सकाळी जाऊन रात्री घरी परतता येईल ते 'एक्स-स्टेशन'. मुक्काम करावा लागेल ते 'आउटस्टेशन'. तिन्हींचा दैनिक भत्ता निरनिराळा, आउटस्टेशनचा सर्वांत अधिक. पुढच्या महिन्यात कोणत्या दिवशी कोणते गाव, हे आधीच लिहून मंजूर करून घ्यायचे. तो 'टूर प्रोग्राम'. रोज कोणते डॉक्टर भेटले ते कळवायचे. तो 'डेली कॉल रिपोर्ट'. महिनाअखेरीस खर्चाचे विवरण. आणि गावागावांची अंतरे व भाडी ठरवून ठेवलेला तक्ता; तो 'स्टँडर्ड फेअर चार्ट'.

६/
हा तक्ता वरकरणी निरुपद्रवी दिसतो. एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, हेडक्वार्टर सातारा आहे. महाबळेश्वरला जायला मेढ्यावरून केळघर घाटाची वाट जवळची. परंतु भेटायचे डॉक्टर वाईत आणि पाचगणीत आहेत. म्हणजे प्रत्यक्ष कामाची वाट वाईवरून, पसरणी घाट चढून जाते. तक्त्यात 'सातारा ते महाबळेश्वर' असे जवळच्या वाटेचे अंतर असेल, तर उरलेले किलोमीटर कोणाचे? शिवाय गावात पोहोचल्यावर या दवाखान्यातून त्या दवाखान्यात, तेथून औषध दुकानात आणि स्टॉकिस्टकडे जी वणवण होते, ती 'गाव ते गाव' अंतरात कोठेच येत नाही. पावसाळ्यातील घाटाचा किलोमीटर आणि माळावरचा किलोमीटर तक्त्याला सारखाच.

७/
आता सिंध आठवा. एखादे गाव आउटस्टेशनमधून काढून एक्स-स्टेशनमध्ये टाकले, की त्या गावचा मुक्कामाचा भत्ता संपतो. रस्ता चौपदरी झाला, आता दिवसात परत येता येते, असे कारण दिले जाते आणि ते कधीकधी खरेही असते. पण संध्याकाळी सात ते नऊ या वेळात डॉक्टर भेटत असेल, तर परतीचा प्रवास रात्रीच होतो. भत्ता वाचतो तो कंपनीचा. जागरण आणि रात्रीच्या रस्त्याचा धोका प्रतिनिधीच्या वाट्याला.

८/
प्रारंभीच्या दशकांत हा वाद तुलनेने सौम्य असण्याचे एक साधे कारण होते: तिकीट. प्रवास रेल्वेने आणि एसटीने होई. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली आणि पुढे तालुक्याची गावे गाड्यांनी जोडली गेली. एसटीचे भाडे टप्प्यांवर ठरते, सहा किलोमीटरचा एक टप्पा. हे माप कंपनीचे नव्हते आणि प्रतिनिधीचेही नव्हते. वाहकाने पंच केलेला कागद दोघांनाही मान्य करावा लागे. अंतर मोजणारा तिसरा पक्ष मध्ये उभा होता.

९/
दुचाकी आली आणि हा तिसरा पक्ष दूर झाला. १९८५ मध्ये बाजारात आलेल्या हिरो होंडा सीडी १०० सारख्या कमी पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांनी फिरतीच्या नोकऱ्यांचे रूप पालटले. एसटीच्या वेळापत्रकाची ताबेदारी सुटली, दिवसाला अधिक डॉक्टर भेटता येऊ लागले. परंतु गाडी प्रतिनिधीची, हप्ता त्याचा, टायर त्याचे, विमा त्याचा. कंपनीकडून मिळायचा तो ठरावीक दराने किलोमीटरचा पैसा. पेट्रोल हा या खर्चाचा डोळ्यांना दिसणारा भाग. गाडीची झीज दिसत नाही, म्हणून ती दरात धरायची की नाही यावर घासाघीस होते.

१०/
त्यातही काळाची एक अडचण आहे. किलोमीटरचा दर कंपनी तिच्या सवडीने सुधारते. पेट्रोलचे भाव मात्र जून २०१० मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले आणि १६ जून २०१७ पासून देशभर रोज बदलू लागले. दोन सुधारणांच्या मधल्या काळात भाववाढीचा भार कोण सोसतो, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको.

११/
मग कायदा काय करत होता? बराच काळ कायद्याला हा माणूस दिसतच नव्हता. 'मे अँड बेकर' कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये म्हटले की वैद्यकीय प्रतिनिधीचे मुख्य काम प्रचार करून मागणी मिळवण्याचे आहे. लिखापढीचे काम केवळ आनुषंगिक. तेव्हाच्या व्याख्येनुसार तो 'कामगार' ठरत नव्हता. यातील विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. जे अहवाल कायद्याच्या दृष्टीने आनुषंगिक, त्याच अहवालांवर त्याचा भत्ता अवलंबून. एक दिवसाचा अहवाल राहिला तर त्या दिवसाचा प्रवास झालाच नाही असे धरता येत होते.

१२/
१९६३ मध्ये प्रतिनिधींच्या संघटनांचा अखिल भारतीय महासंघ उभा राहिला. संसदेकडे याचिका गेली. राज्यसभेच्या याचिका समितीने १९७२ च्या अहवालात म्हटले की 'कामगार' या शब्दाची व्याख्या तेवढी बदलून भागणार नाही. नोकरीची शाश्वती, कामाचे तास, रजा अशा गोष्टींसाठी निराळी तरतूद हवी. त्यातून विक्री संवर्धन कर्मचारी (सेवाशर्ती) अधिनियम, १९७६ जन्मला. तो औषध उद्योगाला ६ मार्च १९७६ पासून लागू झाला. देशात तेव्हा आणीबाणी होती.

१३/
या कायद्याने लेखी नेमणूकपत्र, रजा आणि सुट्ट्या दिल्या. बोनस, ग्रॅच्युइटी, अपघात भरपाई आणि औद्योगिक विवाद हे कायदे प्रतिनिधींना लागू केले. आरंभी मात्र संरक्षण कमिशन वगळून दरमहा ७५० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांपुरतेच होते. ही मर्यादा सामान्य प्रतिनिधींसाठी उठली ती ६ मे १९८७ पासून. १९९४ मध्ये 'अद्यंथया विरुद्ध सँडोझ' खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने हा सगळा गुंता उलगडला: मूळ व्याख्येने प्रतिनिधी कामगार नाहीत, त्यांना जे संरक्षण आहे ते १९७६ च्या कायद्याने दिलेले आहे.

१४/
आता आपल्या विषयाचा मर्माचा मुद्दा. या कायद्यात किलोमीटरचा दर नाही. आउटस्टेशनची व्याख्या नाही. अंतर कसे मोजावे, हेही नाही. फिरणे हेच ज्याच्या नोकरीचे स्वरूप, त्याच्या फिरण्याचा हिशेब कायद्याने मोकळा सोडला. तो ठरला कंपनीच्या परिपत्रकांतून किंवा, संघटना बळकट असेल तेथे, लेखी करारांतून. औद्योगिक विवाद कायद्याचे कलम ९अ मात्र उपयोगी होते. सेवाशर्ती बदलण्यापूर्वी २१ दिवसांची सूचना द्यावी असे ते सांगत असे, आणि त्या शर्तींच्या अनुसूचीत 'भरपाईचे व इतर भत्ते' होते. गावाचा वर्ग बदलणे म्हणजे भत्ता बदलणे, असा युक्तिवाद करण्यास येथे जागा होती.

१५/
भत्ता म्हणजे वेतन की खर्चाची भरपाई? १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने प्रवासभत्ता वेतनातून वगळला. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यातही असे भत्ते मोजले जात नसत. आयकर कायदाही अशा भत्त्याला सूट देतो, ती प्रत्यक्ष खर्च झालेल्या रकमेपुरती. तिन्ही कायद्यांचे तर्कशास्त्र एकच: हा पैसा मिळकत नाही, खिशातून गेलेला पैसा परत आला आहे.

१६/
व्यवहार एवढा स्वच्छ नसतो, आणि इतिहास लिहिणाऱ्याने ते झाकू नये. मूळ पगार तुटपुंजा असला की माणूस भत्त्यातून संसार चालवतो. आउटस्टेशनला लॉजऐवजी मावसभावाकडे उतरतो, दुचाकीचा दर घेऊन एसटीने जातो, जेवणाऐवजी वडापाव खातो. वाचलेले पैसे मुलांच्या फीला लागतात. व्यवस्थापन याला खोटा खर्च म्हणते. काही वेळा तो खोटा असतोही. न गेलेल्या गावाचा अहवाल लिहिण्याला दुसरे नाव नाही. पण कमी मूळ पगार आणि त्यावर सैल भत्ता ही रचना कंपनीलाही सोयीची असते, कारण भत्त्यावर ग्रॅच्युइटी द्यावी लागत नाही. दोन्ही पक्षांनी वर्षानुवर्षे न बोलता पाळलेला हा समझोता होता.

१७/
समझोत्यावर पहारा होताच. व्यवस्थापक अचानक गावात येऊन 'जॉइंट वर्किंग' करी, औषध दुकानात चौकशी करी, डॉक्टरला सहज विचारी, "आमचा माणूस मागच्या मंगळवारी आला होता का?" हा पहारा माणसाचा होता, म्हणून त्याला मर्यादाही माणसाच्या होत्या. व्यवस्थापक स्वतः पूर्वी त्याच रस्त्यांवर फिरलेला असे. नदीला पूर आल्याने वाट बंद होती, हे त्याला पटवता येई.

१८/
स्मार्टफोनने हे चित्र बदलले. कागदी अहवालाच्या जागी ॲप आले. काही ॲपमध्ये डॉक्टरच्या दवाखान्याचे स्थान आधी नोंदलेले असते; प्रतिनिधी त्या वर्तुळात असेल तरच भेट नोंदवली जाते. अंतरही आपोआप मोजले जाऊ शकते. वरवर पाहता वादच मिटला! पण दोन बिंदूंमधली सरळ रेषा मोजली तर पसरणी घाटाची सगळी वळणे नाहीशी होतात. घाटात रेंज गेली तर तेवढा प्रवास पुसला जातो. आणि 'डॉक्टर बाहेर गेले होते, दोन तास थांबलो' हे कळवायला पडद्यावर रकाना असेलच असे नाही.

१९/
येथे अमेरिकेकडे वळणे आवश्यक आहे, कारण तेथे या हिशेबाचे दोन धागे अधिक स्पष्ट दिसतात. पहिला मैलाचा. तेथील कर खाते प्रमाण दर जाहीर करते. २०२५ साठी तो मैलाला ७० सेंट होता. त्यात इंधनाबरोबर गाडीची झीज आणि विमाही धरलेला असतो. कंपन्यांवर हा दर बंधनकारक नाही, पण भांडायला एक जाहीर आकडा मिळतो. मोबदल्यात नोंद काटेकोर हवी: तारीख, ठिकाण, कामाचे कारण, मैल. भारतात खाजगी नोकरीतील प्रतिनिधीला बोट ठेवता येईल असा सर्वमान्य आकडा नाही.

२०/
दुसरा धागा वेळेचा. अमेरिकेच्या १९३८ च्या श्रमकायद्याने आठवड्याला ठरावीक तासांपुढच्या कामासाठी वाढीव मोबदला सक्तीचा केला, पण 'बाहेर फिरणारे विक्रेते' वगळले. एक कारण हे की त्यांचे काम घड्याळात बसवणे अवघड. २०१२ मध्ये 'क्रिस्टोफर विरुद्ध स्मिथक्लाइन बीचम' या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी औषध प्रतिनिधींनाही त्याच वर्गात बसवले. हे प्रतिनिधी आठवड्याला सुमारे ४० तास डॉक्टरांकडे फिरत आणि आणखी १० ते २० तास इतर कामांत घालवत. त्यांच्यावर देखरेख अगदी कमी होती आणि तासांची नोंद द्यावी लागत नव्हती, हेही निकालात नमूद आहे.

२१/
या तर्काचे पुढे काय झाले ते पाहा. 'मोजता येत नाही' म्हणून वाढीव तासांचा मोबदला नाही, हे सूत्र १९३८ मध्ये समजण्यासारखे होते. आज तोच प्रतिनिधी कोणत्या मिनिटाला कोणत्या दारात होता हे यंत्र सांगते. मोजमाप मालकाच्या हाती आले. मोजमाप शक्य नाही या समजुतीवर उभी असलेली सवलतही मालकाकडेच राहिली. भारतातही किलोमीटर मीटरपर्यंत मोजले जातात, पण रात्री नऊनंतरच्या परतीच्या प्रवासाचा तास सहसा कोणत्याही रकान्यात येत नाही. माझ्या मते भत्त्याच्या इतिहासातील आजचा खरा पेच हा आहे: काय मोजायचे आणि काय मोजायचे नाही, याची निवड एकाच बाजूने होते.

२२/
खाजगीपणाचा प्रश्न यालाच जोडलेला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने मात्र नोकरीच्या प्रयोजनासाठी कर्मचाऱ्याचा डेटा संमतीविना वापरण्यास वाट ठेवली आहे. फोन बहुधा प्रतिनिधीच्याच खिशातला असतो. काम संपल्यावर ॲप झोपते का, हे त्याला कळायला हवे. ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

२३/
तरीही नोंद हीच शत्रू, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. रस्त्यावरील अपघात हा या नोकरीचा कायमचा धोका. अपघाताच्या भरपाईसाठी पहिला प्रश्न येतो: त्या वेळी माणूस कामावर होता का? मंजूर टूर प्रोग्राम, त्या दिवसाचा अहवाल, आता फोनमधील स्थाननोंद, हेच पुरावे कुटुंबाच्या उपयोगी पडू शकतात. म्हणून नोंद कोणाजवळ राहते, याला फार महत्त्व आहे. कार्बन कागदावरच्या अहवालाची एक प्रत प्रतिनिधीकडे उरत असे. ॲपमधली नोंद कंपनीच्या सर्व्हरवर असते, आणि नोकरी सुटली की खाते बंद होते.

२४/
२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अंमलात आल्या आणि १९७६ चा स्वतंत्र कायदा त्यांत विलीन झाला. 'कामगार' या व्याख्येत विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांचा समावेश आहे. वेतनाच्या नव्या व्याख्येत वगळलेल्या भत्त्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाली, तर वरची रक्कम वेतनात धरायची आहे. कमी पगार आणि फुगवलेला भत्ता या जुन्या समझोत्याला त्यामुळे धक्का बसू शकतो. किलोमीटरचा दर आणि गावाचा वर्ग मात्र पूर्वीप्रमाणेच कंपनी आणि प्रतिनिधी यांच्यावर सोडलेला आहे.

२५/
शेवटी एक विनंती. कंपन्यांचे इतिहास छापले जातात. त्यांत कारखाने असतात, संस्थापक असतात, उलाढाल असते. टूर प्रोग्रामच्या वह्या रद्दीत जातात. आपल्या घरी, शेजारी कोणी निवृत्त एमआर असतील तर त्यांच्याकडे जुने अहवाल, फेअर चार्ट, एसटीची तिकिटे आहेत का ते विचारा. असतील तर टाकू नका, त्यांवर तारीख आणि गाव लिहून ठेवा. कोणत्या साली वाईहून पाचगणीला जाण्याचे किती पैसे मिळत आणि मुक्काम कोठे होई, हे सांगणारे साधन बहुधा तेवढेच उरले आहे. धागा समाप्त.